नव्या ओढणीला हळदीचं बोट

एका नवरीच्या ओढणीला लग्नाच्या आदल्या दिवशी मी हळद लावली. ती नवरी माझी कोणी नव्हती. तिला मी तेव्हा पाहिलं नव्हतं आणि नंतरही कधी पाहिलं नाही. हळद लाव असं मला कोणी सांगितलं नव्हतं. वर, हळद निघावी म्हणून मी तिला साबण लावला. हे सगळं एकाच सकाळी, एकाच हाताने आणि पूर्ण शुद्धीत. नातवंडं विचारतात, आजी, तू लहानपणी काय काय मूर्खपणा केलास? मी सांगते, लहानपणी फारसा नाही बाबांनो, मला सवड मिळाली ती अठ्ठाविसाव्या वर्षी.

तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे केंद्र सरकारच्या नोकरीत. मुलगी पाच वर्षांची. दारात सेकंडहँड फियाट, नुकतीच आलेली, मुलीपेक्षा वयाने बरीच मोठी. आणि त्या दसऱ्याला साताऱ्याहून सासूबाई आलेल्या.

सासूबाईंबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण आणि भरतकाम शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं भरतकाम उलट्या बाजूने बघितलं तरी सुलटं वाटायचं. लग्न होऊन आले त्या वर्षी मी स्वतः भरलेला एक रुमाल त्यांना दिला होता. त्या काही बोलल्या नाहीत. तो उलटा करून पाहिला, परत सुलटा केला, घडी घातली आणि माझ्याच हातात दिला. त्या घडीचा मी पुढे सात वर्षं विचार करत होते. म्हणजे त्यांनी एकदा तरी मला "छान" म्हणावं, एवढीच माझी आयुष्याची महत्त्वाकांक्षा होती. तेव्हाचा माझा फोटो बघितलात तर तोंडावर तेच लिहिलेलं दिसेल.

सासूबाईंना दिल्लीत राष्ट्रपती भवन बघायचं नव्हतं. "मला इमारती बघायच्या आहेत त्या जुन्या," त्या म्हणाल्या, "आणि माणसं बघायची आहेत ती हाताने काम करणारी. बाकी तुमचं बाजारबिजार राहू दे." ह्यांनी लगेच कार्यक्रम आखला आणि घरच्या टाइपरायटरवर टाइपही केला, ऑफिसचा दौरा असावा तसा, कार्बन कॉपीसकट. दसऱ्याची सुट्टी. सकाळी मेहरौली, कुतुब मिनार आणि जवळच दगडाच्या जाळ्या कोरणाऱ्याचा कारखाना. मग निजामुद्दीनच्या बस्तीत जरीकामाचा कारखाना. जेवण डब्यातलं. मग हुमायूनचा मकबरा, पुराण्या किल्ल्यातली मशीद, आणि रावण जळायच्या आत घरी.

सकाळी घरी रीतसर पूजा झाली. शिवणाचं मशीन, सासूबाईंची कात्री, ह्यांचं पेन, टाइपरायटर. मग खाली जाऊन गाडीची. स्टिअरिंगला हळदकुंकू, पुढे झेंडूची माळ. हळदकुंकवाचा दोन कप्प्यांचा करंडा माझ्या हातात होता तो मी तसाच पर्समध्ये टाकला. तिथूनच सगळं सुरू झालं.

मेहरौलीच्या त्या कारखान्यात एक म्हातारा कारागीर लाल दगडाच्या पाटीत षटकोनी भोकं पाडत बसला होता. जुन्या मकबऱ्याच्या दुरुस्तीसाठी जाळी हवी होती म्हणे. सासूबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि अर्धा तास हलल्या नाहीत. निघताना मला काय सुचलं कोण जाणे, मी करंडा काढला आणि विचारलं, "आज दशहरा है. आपके औजार को लगाऊँ?" त्याने हसून छिन्नीची मूठ पुढे केली. मी बोट टेकवलं, त्याने मान लववली.

गाडीत बसताना सासूबाई म्हणाल्या, "बरं सुचलं तुला."

सात वर्षांत पहिल्यांदा. मला पुढचा रस्ता आठवत नाही. गाडी चालली होती की मी, हेही सांगता येणार नाही.

निजामुद्दीनला ह्यांनी गाडी मोठ्या रस्त्यावर लावली आणि आम्ही गल्लीत शिरलो. कबाबचा धूर, गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या, मग एक अरुंद जिना. वर लांबट खोली. खोलीत अड्डा, म्हणजे चार लाकडी दांड्यांची गुडघ्याएवढी उंच चौकट. तिच्यावर कापड ढोलकीसारखं ताणलेलं आणि भोवती मांडी घालून कारागीर. त्या दिवशी भोवती दोघंच होती. एका टोकाला पांढऱ्या दाढीचा एक जुना कारागीर दुसऱ्या कशालातरी टिकल्या लावत होता. आणि अड्ड्यावर वाकलेली एक मुलगी. मुलगी म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, डोक्यावर दुपट्टा घट्ट, बोटाला चिंधी गुंडाळलेली.

कारखान्याच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, स्टुलं दिली आणि मुलीकडे हात करून म्हणाले, "ये हमारी बहू हैं. बरेली की हैं, बाप से सीख के आई हैं. हमारे यहाँ औरतें अंदर बैठ के टिक्की टाँकती हैं. अड्डे पे मर्द बैठते हैं. ये छह महीने से जिद कर रही थीं, तो हमने कहा, चलो, एक ओढनी कर के दिखाओ."

"आणि दाखवली?" सासूबाईंनी मराठीतच विचारलं. त्यांना हिंदी कळायचं, बोलायच्या मात्र त्या सातारीच.

"आज शाम को नतीजा है," उस्ताद म्हणाले. "कल निकाह है. दुल्हन की खाला आएँगी लेने, वो पुरानी ग्राहक हैं. उनको पसंद आई तो बहू की जगह यहाँ. नहीं तो अंदर."

त्यांनी हे हसत सांगितलं. मुलगी हसली नाही. तिची सुई खाली जाई, वर येई. मोतिया रंगाचं रेशीम होतं, आणि त्यावर जरीच्या वेलीवर इतकी बारीक पानं की सासूबाईंनी चष्मा पुसून परत घातला. शेवटच्या कोपऱ्यात दोन बुट्ट्या राहिल्या होत्या, बस.

उस्ताद सासूबाईंना नक्षीचे कागद दाखवायला पलीकडच्या खिडकीशी घेऊन गेले. कागदावर सुईने भोकं पाडून नक्षी काढतात, मग वरून रंगाची पूड फिरवली की ती कापडावर उतरते. हे आमच्या लेकीला घेऊन त्यांच्यामागे. मी अड्ड्यापाशी राहिले. आणि माझ्या डोक्यात ते "बरं सुचलं तुला" अजून वाजत होतं.

आपल्याकडे नवं लुगडं, नवा शर्ट, अंगावर घालायच्या आधी कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात. माझ्या आईने लावलं, तिच्या आईने लावलं. कोपऱ्याला, दिसणार नाही असं. आता इथे नवं कापड होतं, लग्नाचं होतं आणि वर दसरा. एवढं सगळं एकत्र आलेलं असताना बोट न लावणं मला अपशकुनासारखं वाटलं. शिवाय वळून बघितल्यावर सासूबाई काय म्हणतील, याचं चित्र मी आधीच रंगवून ठेवलं होतं.

पाण्याचा पेला हातात होता, बाहेरून घामेजलेला. बोटं ओली होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी हळदीत बोट बुडवलं आणि कोपऱ्याला टेकवलं. दुसरं बोट कुंकवात घालून पुढे नेलं तोच त्या मुलीने माझं मनगट पकडलं.

"शुभ होता है," मी म्हणाले. अगदी गोड आवाजात.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती कापडाकडे बघत होती. मोतिया रेशमावर तुरीच्या डाळीएवढा पिवळा ठिपका, आणि ओल्या रेशमात तो आपला आपण पसरत चाललेला.

इथे कुणाही शहाण्या बाईने हाक मारली असती. मी पर्स उघडली. लेकीसाठी मी कागदी साबण बाळगायचे, पातळ कागदासारखी पानं, ओल्या हातावर फेस होणारी. एक पान काढलं, रुमाल पेल्यात बुडवला आणि त्या ठिपक्यावर चोळला.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लेकीच्या दुपट्यांवर मी ते शंभर वेळा पाहिलं होतं. पण भीतीपोटी माणसाला माहीत असलेलं सगळं आधी जातं. ठिपका लाल झाला. गडद, रक्तासारखा, रुपयाएवढा. त्या मुलीच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. आणि खिडकीशी सगळे वळले.

"सोड," सासूबाई म्हणाल्या. "सोड तो रुमाल. दोन्ही हात वर कर."

मी हात वर केले. वर्गात उभं केलेल्या पोरीसारखी मी त्या कारखान्यात दोन्ही हात वर करून उभी, एका बोटाला हळद, एकाला कुंकू. माझी लेक माझ्याकडे अतिशय कुतूहलाने बघत होती.

दाढीवाले कारागीर उठून आले, वाकून पाहिलं आणि उस्तादांना म्हणाले, "इसी लिए कहते हैं, नए हाथ को शादी का काम नहीं देते."

म्हणजे डाग माझा आणि हात तिचा. मी आपले हात वरच ठेवले.

"लिंबू?" ह्यांनी विचारलं.

सासूबाई आणि उस्ताद एकदमच "नको" आणि "नहीं" म्हणाले. जरीला आंबट लागलं की ती काळी पडते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिथेच त्यांचं जमलं.

"हळद उन्हाला घाबरते," सासूबाई म्हणाल्या. "साध्या पाण्याने साबण काढा, आणि अड्डा उन्हात न्या. पिवळी होईल आधी, मग उतरेल. किती उतरेल ते मी सांगत नाही." ह्यांनी ते हिंदीत सांगितलं. उस्तादांनी मान डोलावली.

"और शाम तक न उतरा तो?" मुलीने विचारलं. तिचं पहिलं वाक्य.

उस्ताद तिच्याकडे न बघता म्हणाले, "तो अंदर. बात तो यही हुई थी."

अड्डा तिरका करून, जिन्याच्या कठड्याला न लावता, तिघांनी वर गच्चीवर नेला. ह्यांनी एक टोक धरलं. मलाही हात लावायचा होता. उस्ताद फार अदबीने म्हणाले, "आप रहने दीजिए."

गच्चीवर ऊन लख्ख होतं. आणि कबुतरंही होती. शेजारच्या गच्चीवरचा एक थवा आमच्या डोक्यावरून गोल फिरत होता, आणि खाली मोतिया रंगाचं दोन मीटर रेशीम उघडं. मी वर बघितलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, बरोबर आणलेली छत्री मिटून कबुतरं हाकायला काठीसारखी धरली आणि अड्ड्याच्या एका बाजूला बसल्या. दुसऱ्या बाजूला ती मुलगी, उरलेल्या दोन बुट्ट्या करायला.

"तुम्ही जा," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा कार्यक्रम टाइप केलेला आहे. पाचच्या आत या. आणि हिला इथून न्या."

हिला म्हणजे मला.

तर मी हुमायूनचा मकबरा पाहिलेला आहे. पुढे पाहुण्यांना दाखवायला वीसेकदा गेले, पण पहिल्यांदा पाहिला तो असा. एवढी मोठी लाल इमारत, वर तो पांढरा घुमट, सगळीकडे जाळ्या, आणि मला दिसत होत्या फक्त सावल्या. बाराला सावली कमानीच्या आत होती. साडेबाराला ती उंबऱ्यापर्यंत आली. हे प्रत्येक ठिकाणी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी मोठ्याने वाचायचे, मराठी करून, एकही शब्द न गाळता. "सदर स्मारकाची नासधूस करणाऱ्यास," त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघून थांबले. मला नाही वाटत त्यांनी ते मुद्दाम केलं. पण तेव्हा मला तसंच वाटलं.

डबा आम्ही बागेत खाल्ला. लेक लॉनवर पळत होती. एकदम ती थांबली आणि म्हणाली, "आई, धूप गेली."

ती दिल्लीत वाढलेली, ऊन हा शब्द तिच्या तोंडी कधी आलाच नाही. मी वर बघितलं. आकाशात ढग एकच होता, आणि तो नेमका सूर्यावर बसला होता. ऑक्टोबरातल्या दिल्लीत ढग. मी त्याच्याकडे इतकं रोखून बघितलं की नंतर अर्धा तास डोळ्यांसमोर हिरवे ठिपके होते. वीस मिनिटं तो हलला नाही. गच्चीवर काय चाललं असेल, ओलं रेशीम सावलीत तसंच पडलं असेल, डाग तिथेच पक्का बसत असेल, हे सगळं मी मनात पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्यात एक कबुतरही होतं.

"अहो, परत जाऊ या का?"

"जाऊन काय करशील? हात वर करून उभी राहशील?"

मग थोड्या वेळाने हे हळूच म्हणाले, "हे बघ, एक करता येईल. आपण आईला घेऊ आणि निघू. मी माझा पत्ता ठेवतो, त्यांना म्हणतो, काय लागेल ते कळवा. त्या ग्राहक बाई यायच्या वेळी आपण तिथे असलोच पाहिजे असं थोडंच आहे? त्यांचं त्यांना ठरवू दे. आपण असलो तर उगाच अवघड होईल."

हे लिहायला नको वाटतं, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मी डबा बांधायलाही घेतला. वाटलं, साडेचारला पोचू, सासूबाईंना खाली बोलावू, पाच मिनिटांत गल्लीबाहेर. ती बाई आली की तिला उस्ताद काय ते सांगतील.

"पण मग त्या दीदीला डाँट पडेल ना?" लेक म्हणाली. ती पुरी खात होती, तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

मी डब्याचं झाकण लावलं, परत काढलं.

पुराण्या किल्ल्यातल्या मशिदीत आम्ही गेलो कारण ती कागदावर होती. काळ्या, पांढऱ्या आणि तांबूस दगडांची काय बारीक कलाकुसर आहे तिथे. मला आठवतं ते एवढंच की मेहराबीच्या आत गारवा होता आणि मी त्याच्यावर चिडले होते. गार म्हणजे ऊन नाही.

चार वाजता निघालो. मथुरा रोडला लागलो आणि अडकलो. रामलीलेचा ट्रक. रावण अजून उभा व्हायचा होता, तो त्या ट्रकमध्ये आडवा होता आणि त्याचे कागदी पाय आमच्या काचेसमोर. मागे बँड, बाजूला स्कूटरवर हनुमान, त्याचा मुखवटा कपाळावर सरकवलेला आणि तोंडात बिडी. गाडी एक फूट पुढे जाई आणि थांबे. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, ते मी दर मिनिटाला बघत होते. पावणेपाच. पाच. आता मात्र उशीर होऊ नये असं मला वाटत होतं की व्हावा असं, हे मला धड सांगता येईना. उशीर झाला तर मी तिथे नसेन. माझा दोष नसेल, रावणाचा असेल.

"अहो," मी म्हणाले, "मी उतरते. चालत जाते."

"रस्ता माहीत आहे?"

"कबाबचा धूर माहीत आहे."

पदर खोचून मी गेले. गल्लीत दोनदा चुकले. जिना चढले तेव्हा अजानची वेळ व्हायची होती, ऊन पिवळं झालं होतं आणि गच्चीच्या कठड्यावरून तिरकं येत होतं. सासूबाई अजून तशाच बसल्या होत्या, छत्री मांडीवर, तोंड उन्हाने लालबुंद. त्यांच्या हातात एक चिंधी होती आणि तीवर त्या जरीचा टाका घालत होत्या. ती मुलगी वाकून त्यांना दाखवत होती, "नहीं अम्मा, नीचे से. नीचे से खींचिए." तीस वर्षं शिकवलेल्या बाईला ती शिकवत होती, आणि बाई ऐकत होती.

बुट्ट्या झाल्या होत्या. मी कोपऱ्याकडे बघितलं.

डाग गेला होता असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. लाली गेली होती. पिवळेपणाही बहुतेक गेला होता. उरली होती एक सावली, आणि तिच्याभोवती पाणी सुकल्याची एक कड. शोधायला गेलं तर दिसेल अशी.

"शोधेल ती," सासूबाई म्हणाल्या. "जी बाई शोधत नाही, तिची पसंती काय कामाची."

खालून आवाज आला. अड्डा उतरवला, ओढणी सोडवली, आणि आम्ही खाली गेलो. नवरीची मावशी आली होती. बुरख्याचा पडदा वर टाकलेला, जाड भिंगांचा चष्मा, कमरेला किल्ल्या. उस्तादांनी ओढणीची घडी घालायला घेतली, आणि मी पाहिलं की तो कोपरा त्यांनी आत दुमडला. मला वाटलं, चला, सुटलो. ती मुलगी भिंतीशी उभी होती. ती सासऱ्यांना म्हणाली, "अब्बू, खोल के दिखाइए."

उस्ताद थांबले. मावशीबाईंनी चष्म्यातून एकदा त्या मुलीकडे पाहिलं, मग ओढणी स्वतःच हातात घेतली आणि उलगडली. कोपरा यायला वेळ लागला नाही.

"ये क्या है?"

दाढीवाले कारागीर टिकल्या निवडत होते. उस्तादांनी सुनेकडे पाहिलं. सून खाली बघत होती आणि तिने ओठ उघडले. ती माझं नाव सांगणार नव्हती, हे मला तिच्या मानेवरून कळलं. आणि तरी मी थांबले. किती, ते मला माहीत नाही. चार श्वास असतील. त्या चार श्वासांत मी फार स्वस्तात सुटत होते. कुणी मला ढकललं नाही, सासूबाईंनी चिमटाही काढला नाही, नुसत्या माझ्याकडे न बघता उभ्या राहिल्या, जशा सात वर्षांपूर्वी मी भरलेला तो रुमाल हातात घेऊन राहिल्या होत्या.

"मैंने किया," मी म्हणाले. "हल्दी लगाई. फिर साबुन लगाया."

"क्यों?"

"हमारे में नए कपडे को लगाते हैं." माझं हिंदी घाबरलं की लक्ष्मीबाई नगरही ओलांडत नसे. "शुभ... शुभ होता है."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी दिवा लावायला सांगितला. खाली बसल्या, ओढणी मांडीवर घेतली आणि तपासायला लागल्या. एका टोकापासून, वीत वीत. पान दिसलं की बोट फिरवायच्या, उलटं करून मागची बाजू बघायच्या, जरीचा धागा ओढून बघायच्या. त्यांना आणखी काहीतरी सापडेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. मशिदीतून अजान झाली, संपली. त्या बघतच होत्या. हे कशीतरी गाडी लावून, लेकीला कडेवर घेऊन जिना चढले आणि दारातच उभे राहिले.

शेवटची बुट्टी बघून झाली. त्यांनी मागची बाजू परत एकदा पाहिली.

"पीछे भी ऐसा ही है," त्या उस्तादांना म्हणाल्या. "ये किसका हाथ है? आपका तो नहीं है."

उस्ताद घसा साफ करत म्हणाले, "बहू का है."

त्यांनी मान वर करून मुलीला पाहिलं, बराच वेळ. मग उठल्या, ओढणी स्वतःच घडी केली, डागाचा कोपरा वरच ठेवून. "दुल्हन आठ दिन से माँझे में बैठी है, सर से पाँव तक हल्दी से पीली. कोई पूछेगा तो कह दूँगी, उसी की है." आणि माझ्याकडे वळून, "आप से नहीं पूछेगा कोई. आप घर जाइए."

मावशीबाई गेल्या. मग उस्ताद दाढीवाल्यांना म्हणाले, "मियाँ, कल से इनकी बैठक खिडकी के पास. रोशनी वहीं ठीक है." दाढीवाल्यांनी टिकल्यांची वाटी उचलली आणि थोडं सरकून बसले. बस, एवढंच.

ती मुलगी आम्हाला जिन्याच्या खालच्या दारापर्यंत सोडायला आली. सासूबाईंच्या मुठीत जरीची ती चिंधी होती, त्या पुढे गेल्या. मी मागे राहिले. मला तिची माफी मागायची होती आणि मी ती मागायला सुरुवातही केली, तीन भाषांत, एकही धड नाही. तिने मला मधेच थांबवलं. दुपट्टा सारखा करत, दोन्ही बाजूंना बघून, हळू आवाजात म्हणाली,

"दाग न होता तो वो लपेट के ले जातीं, पूछतीं भी नहीं किसका हाथ है. पर बाजी, अगली बार अम्मा को ऊपर भेज दीजिएगा, आप गाडी में बैठिएगा."